उडण्याआधीचा सत्कार

मी वैमानिक होण्याच्या आधीच राहू गावानं मला वैमानिक करून टाकलं. घडलं होतं एवढंच, की सरकारी शिष्यवृत्तीवर शेजारच्या तालुक्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मला प्रवेश मिळाला होता. विमानात मी तोवर बसलेसुद्धा नव्हते. पण आमच्याकडं कुणी पोलीस भरतीच्या मैदानात धावायला उतरलं तरी हार आणून ठेवतात, मग हे तर विमान. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ते हेच.

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. वडील पाटसला साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. त्यांच्या पाळीतले सगळे लोक आले. सोसायटीच्या चेअरमनांनी स्वतः उठून माझ्या डोक्यावर फेटा चढवला. बौद्धवस्तीतल्या पोरीला पाटलांच्या भावकीतल्या माणसानं फेटा घालावा, हे वस्तीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्स लागला: 'गावची पहिली महिला पायलट'. त्यात पुढाऱ्यांचे फोटो ओळीनं, मोठे, आणि माझा कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. विमान मात्र चार इंजिनांचं होतं. मी ज्यावर शिकणार होते ते आमच्या गावातल्या टेम्पोपेक्षा फार मोठं नव्हतं.

तिथं गेले आणि अडकले. विमान वर न्यायला जमत होतं, उतरवायला जमेना. चाकं धावपट्टीला टेकायच्या जरा आधी विमानाचं नाक हलकेच वर घ्यायचं असतं. फार आधी घेतलं तर ते तरंगतं आणि मग धपकन आदळतं. मी दर वेळी आधीच घ्यायचे. जमीन अंगावर आली की हात आपोआप ओढले जायचे. माझे इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले होते. ते शेजारच्या खुर्चीवरून विमान सावरायचे आणि म्हणायचे, "बेटा, नीचे मत देख. दूर देख, रनवे के आखिर में." मला लांबचं काही दिसतच नसे. मला तो मांडव दिसायचा.

बरोबरची मुलं एकेक करून सोलो झाली, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्यानं पहिली फेरी मारून आली. सोलो झालेल्याच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतायची तिथं रीत होती. नळाखाली बादली भरून द्यायला मी पुढं असायचे आणि सगळ्यांबरोबर हसायचेही. आतून इतकी जळायचे की विचारू नका.

रविवारी घरी फोन केला की वडील विचारायचे, "काय पायलट, बरं चाललंय न्हवं?" खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य घरातून वस्तीत, वस्तीतून कारखान्यात जाणार, आणि सोसायटीच्या पायरीवर कुणीतरी तंबाखू मळत म्हणणार, "तरी म्हणलं, ह्यांच्या पोरींस्नी कुठं झेपायचं." त्या 'ह्यांच्या'पायी खरं सांगायचं राहून जायचं. "हाय की, चाललंय," एवढंच बोलून मी फोन ठेवायचे.

एका सुट्टीत राहूला जायचं टाळून शिरूरला मावशीकडं गेले, तर आगीतून फुफाट्यात. मावशीनं महिला मंडळ बोलावून ठेवलेलं. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "वर गेल्यावं भ्या वाटत न्हाई का गं?" मी म्हणाले, "न्हाई वाटत, आजी." आणि वर खरंच वाटत नव्हतं. सगळी भीती खाली होती.

शेवटी ठरवलं, सोडून द्यायचं. वडिलांना समोर बसवून सांगायचं म्हणून निघाले. दौंडला एसटी बदलली. गळीत हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत राहूला पोचली. स्टँडवर उतरले तर फ्लेक्सचा रंग पार विटलेला, पण कुणीतरी नवी सुतळी लावून तो ताणून बांधलेला. मी बघतेय हे बघून चहावाले मामा कौतुकानं म्हणाले, "तुमचं वडील येत्यात की पाळी सुटल्यावं. ओल्या फडक्यानं पुसत्यात." मी घरी न जाता तशीच परतीच्या गाडीत बसले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्या गाडीत मी फ्लेक्सवर, चेअरमनांवर, वडिलांवर मनातल्या मनात इतकी चिडले की रडू कोसळलं. एवढ्या लोकांनी मिळून मला डोक्यावर घेतलं होतं, आणि खाली ठेवायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो राग घेऊनच विमानात बसले. आदळलं तर आदळू दे, बोलतील ते बोलतील, असं मनात पहिल्यांदाच आलं. आणि उतरताना धावपट्टीच्या पार टोकाची बाभळींची रांग मला दिसली. नजर तिथं ठेवली. चाकं टेकली ते मला टेकल्यावर कळलं. इन्स्ट्रक्टरांनी तसंच पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. मग विमान थांबवायला सांगून स्वतःच खाली उतरले आणि दार लावता लावता म्हणाले, "एक चक्कर. अकेली जा."

शेजारची खुर्ची रिकामी झाल्यामुळं विमान झटकन वर गेलं. वर गेल्यावर लक्षात आलं की ह्याच्याइतकी पक्की कोंडी दुसरी नाही. दार हाताशी आहे, पण उतरता येत नाही, आणि खाली नेणारं आपल्याशिवाय कुणी नाही. तरीही कितीतरी महिन्यांनी मला मोकळं वाटलं. विमानाला माझ्याकडून फक्त नीट वेग आणि नीट उंची हवी होती. मी मोठ्यानं स्वतःशी बोलत, बाभळींकडं बघत उतरले. टेकताना विमान जरा उसळलं, पण उतरले.

अंगावर बादल्या रिकाम्या झाल्या. ओल्या कपड्यांनीच एसटीडी बूथवर पळाले. वडील पाळीवर होते. फोन आईनं घेतला.

"आई, आज मी एकटीनं विमान उडवलं. पहिल्यांदा."

मला वाटलं, आई आता विचारेल, मग इतके दिवस काय करत होतीस?

"पैल्यांदा?" ती म्हणाली. "म्हंजी आजपातूर संगं कुणी असायचं?"

"व्हय. सर असायचे शेजारी. मला उतरवायलाच जमत नव्हतं, आई. म्हणून सोडत नव्हते."

आई रडायला लागली. मी रिसीव्हर घट्ट धरून उभी राहिले. आता वडिलांना कोणत्या तोंडानं सांगायचं, एवढंच डोक्यात चाललं होतं.

"अगं, मग आधी सांगायचं न्हाई का?" आई म्हणाली. "त्या सत्काराच्या दिसापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. रोज वाटायचं, माझी पोर वर एकटीच हाय."