बॅट हवी होती, मी नको

"शर्ट काढ," सादेकर सर म्हणाले. मस्कतच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

निळा शर्ट. पाठीवर 'इंडिया'. सकाळपासून तीनदा आरशात बघितला होता मी. आत भोक पडलेलं बनियन. काढला, दिला. सरांनी तो ॲडीला दिला. ॲडीने घालण्याआधी झटकला. माझ्या अंगाचं काही चिकटलं असेल म्हणून.

सादेकर आमचे कॅप्टन, कंपनीत एचआरचे साहेब. ॲडी फायनान्सचा मॅनेजर, पुण्याचा. मी वसईचा. त्याच कंपनीत एसी दुरुस्त करतो, मस्कतबाहेर बरका गावातल्या कामगारांच्या कॅम्पात राहतो. ओमानमधल्या वेगवेगळ्या देशांच्या लोकांची ही पुरुष सांघिक टेबल टेनिस स्पर्धा, दुसरंच वर्ष. संघात चार नावं, खेळायचे तिघे. तिसरा मी होतो, ॲडीला निवडीत सरळ तीन गेममध्ये हरवून. पण तो सामना आपसातला. पंच नाही, कागद नाही.

"अरे, आज मोठे साहेब येतायत. फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर जाणार," सर म्हणाले. "मॅनेजमेंटचा माणूस दिसला पाहिजे ना. तू टॉवेल सांभाळ. टीममध्येच आहेस तू."

टॉवेल सांभाळायला टीममध्ये!

खरं सांगतो, सरांचा राग नंतर आला. आधी ॲडीचा हेवा वाटला. हेवा कसला, जळफळाट. त्याचे बूट. त्याची गाडी. त्याची बायको समोर खुर्चीत, मोबाइल धरून, माझी वसईत. आणि त्याची सर्व्हिस. ती तर माझीच! तीन महिने रोज कामावरून सुटून, हाताची ग्रीस धुऊन मी ती त्याला शिकवली. मनगट इथे वळवा सर, चेंडू बाजूला पळेल. मी त्याला सर म्हणायचो. तो मला म्हणायचा, "यल्ला, पुन्हा टाक." यल्ला म्हणजे अरबीत 'चल'.

खेळाआधी एकमेकांची बॅट तपासायची पद्धत असते. समोरच्या श्रीलंकन खेळाडूने ॲडीची बॅट घेतली, रबरावर बोट फिरवलं आणि पंचाला दाखवली. रबराला फुगे आले होते, एक कड सुटली होती. दुपारभर गाडीत ठेवली होती ॲडीसाहेबांनी, काचा बंद करून, ओमानच्या उन्हात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, बॅट गाडीत ठेवू नका. एसीवाल्याचं कोण ऐकतो?

"नॉट अलाउड," पंच म्हणाला.

सर माझ्याकडे वळले. हात पुढे. "तुझी बॅट दे. लवकर."

शर्ट घेतला. सर्व्हिस घेतली. आता ही. मी टॉवेल खुर्चीवर ठेवला.

"बॅटबरोबर मी येतो. शर्ट द्या."

"ही वेळ आहे का? देशाचा प्रश्न आहे!"

"मघाशी कॅलेंडरचा होता."

सरांचा चेहरा लाल झाला. "खलास. उद्या ऑफिसात ये, बघतो तुला."

"येतो," मी म्हणालो. बॅट पिशवीत घातली, चेन ओढली.

फिलिपिनो संघातल्या कुणीतरी ॲडीला बॅट दिली. मी मागच्या रांगेत बसून अख्खा सामना बघितला. हरावा, हरावा, असं मनात चाललं होतं. लाज नाही वाटत सांगायला. तो हरला नाही. शेवटचा पॉइंट त्याने माझ्या सर्व्हिसवर घेतला. टाळ्या, फोटो. पोटात आग पडली माझ्या. ती विझावी असं मला अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, सरांनी आत बोलावलंच नाही. संध्याकाळी ॲडीचा फोन आला. "यल्ला, सेमीफायनल आहे. प्रॅक्टिसला ये."

"नाही," मी म्हणालो. त्याला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो.

आता त्यांच्या सरावाला मी जाणार नाही. पुढची निवड पंच बसवून, निकाल कागदावर, दोघांच्या सहीने. तसा अर्ज मी सरांच्या टेबलावर ठेवला आहे. सामना ॲडीशीच मागितला आहे. खेळाआधी त्याला माझी बॅट हातात घ्यावी लागेल. घेऊ दे. उलटीसुलटी करून बघू दे. आणि मग ती परत माझ्या हातात द्यावी लागेल.