यादीतलं वसुधा नावाचं फोल्डर

असले अनुभव वाचून मी आजवर हसलोच आहे. वय बावन्न, पेशाने इंजिनियर, नवस-बाधा काही मानत नाही. पण हे लिहायचं ठरवलंय... कारण यात माझी एक चोरीही आहे.

भोपाळला गोविंदपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या एका छोट्या कारखान्यात मी टेस्टिंग बघतो. आमच्या वसुधा देशपांडे मॅडम तिथे क्लार्क होत्या. पन्नाशीत त्या स्वतःच्या स्वतः पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या, आणि टेस्टचे आकडे टाकले की रिपोर्ट तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. मला तो आजही जमणार नाही. मालकांनी रिपोर्ट पाहिला आणि माझी पाठ थोपटली, "सानेजी, कमाल कर दिया!" मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी नाही म्हटलं नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या वारल्या.

मार्चमध्ये नवा कॉम्प्युटर आला. सकाळी अकराची वेळ, ग्राहकाचा इन्स्पेक्टर केबिनमध्ये बसलेला, रिपोर्ट हवा होता. कॉम्प्युटर बघणाऱ्या नेहाने पायथन टाकलं, मॅडमची फाइल एडिटरमध्ये उघडली. एडिटर म्हणे, प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटरच सापडत नाही!

"डाला तो है, सर. इसे दिख क्यूँ नहीं रहा?" नेहा वैतागली.

मला मॅडम आठवल्या. अशाच वेळी त्या म्हणायच्या, "अहो साने, तो असतो हो तिथेच. कुठे आहे ते याला कुणीतरी सांगावं लागतं."

मालक मागे येऊन उभे राहिले. नेहाने इंटरप्रिटर निवडायची यादी पुन्हा उघडली. आता तिथे एकच ओळ होती — डी ड्राइव, वसुधा नावाचं फोल्डर, त्यात पायथन.

"सर, इसमें तो डी ड्राइव है ही नहीं... और ये वसुधा कौन हैं?"

मी मालकांकडे पाहिलं. म्हटलं, "जिन्होंने ये प्रोग्राम लिखा. देशपांडे मॅडम. मैंने नहीं लिखा था, साहब."

नेहाने ती ओळ निवडली. रिपोर्ट आला — अचूक, नेहमीसारखा. तिने यादी परत उघडली तेव्हा तिथे साधं, सी ड्राइवमधलं पायथन होतं. दुसरं काही नाही.

नेहा म्हणते, जुनी सेटिंग आली असेल. पण जुन्यातून आम्ही फक्त ती एक फाइल आणली होती. जुना कॉम्प्युटरही मी उघडून पाहिला. त्यातही डी ड्राइव नव्हती.

मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते बरोबरच होतं.

रविवारी मी मिसरोदला मॅडमच्या यजमानांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला वाईट वाटलं होतं, साने. एकदाच बोलली. पण दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठीच त्यात काहीतरी दुरुस्त करत बसली होती. म्हणाली, आकडे टाकताना साने चुकतात."

काय दुरुस्त केलं ते मी नेहाकडून शोधून घेतलं. चुकीचा आकडा पडला तर प्रोग्रॅम थांबतो आणि विचारतो, "नक्की?" इतके दिवस मी ते रोज वाचत होतो.

रिपोर्टखाली आता त्यांचं नाव येतं. ते मी टाकलंय. यादीतलं नाव कुणी टाकलं, ते मला अजून सांगता येत नाही.