घाम फुटलेला बर्फ

खरखरत शटर वर जाई आणि सकाळच्या उजेडात सगळ्यांत आधी दिसे तो पांढरा फ्रिज. त्याच्यापुढे स्टुलावर, गळ्यात मफलर गुंडाळून, राजाच्या थाटात बसलेला बर्फमामा. दवाखान्यातल्या लशींचा रखवालदार. उभी जवानी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेलेली, त्यामुळे बोटं कायमची गार. "मामा, नुसता हात ठेवा, पोराचा ताप उतरेल," आया चेष्टा करायच्या. मामा म्हणे, "ठेवतो, पण हात परत द्यायचा हं."

वस्तीचा मामा असला तरी त्याची सख्खी भाची एकच. आईबापाविना राहिलेली ती पोर त्यानेच वाढवली, उजवली. तिची आई सोडून त्याची बाकी दोन भावंडं लहानपणीच घटसर्पाने गेली होती, घशात राखाडी साय धरून, श्वासासाठी तडफडत. म्हणून तो लशीच्या बाटल्यांना अंड्यांसारखं जपे.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली होती. बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या की टेबलावर ठेवायच्या. त्यांना घाम फुटला, आत पाणी हललं, की मगच लशीच्या पेटीत भरायच्या. नाहीतर घटसर्पाची लस गोठते, आणि गोठलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

पण एका उन्हाळ्यात आगीचा लोळ उतरला. मामाच्या हाडात कारखान्याचा धडा मुरलेला: बर्फ जितका कडक, माल तितका ताजा. लस नासेल या धास्तीने तीन महिने तो दगडासारख्या पिशव्या तशाच भरत राहिला. कुणाला बोलला नाही. आपण बाईंपेक्षा जास्त काळजी घेतो, असंच त्याला वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात घटसर्प आला. चार मुलं गेली. त्यांतली एक भाचीची, चौदा महिन्यांची.

बाईंनी कार्डं टेबलावर पसरली. चौघांच्याही तिन्ही मात्रा पूर्ण, सगळ्या त्याच उन्हाळ्यातल्या. बाई डोकं धरून बसल्या. पन्नास वर्षांत जगभर लशींनी पंधरा कोटी जीव वाचवले म्हणतात, मग आपल्याच दारात हे का, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग लस बनवणाऱ्यांनाच जाब विचारणारं पत्र लिहायला घेतलं.

मामा गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्या उन्हाळ्यात टोचलेल्यांच्या यादीत आणखी सत्तावीस नावं होती. सत्तावीस पोरं अंगात नुसतं पाणी घेऊन अंगणात खेळत होती.

"बाई, पत्र फाडा," तो म्हणाला. "लस चांगली होती. मी गोठवली."

नोकरी त्याच दिवशी गेली. तरी तो बाईंबरोबर दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगितलं: चूक माझी, लशीची नाही, पोराला पुन्हा टोचून घ्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी कार्ड तोंडावर फेकलं. दोन दारं उघडलीच नाहीत. त्यांतल्या एका घरचं पोर महिन्याभरात गेलं.

शेवटी तो भाचीकडे गेला. तिथे टोचायला कुणी उरलं नव्हतं, तरी गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

नऊ वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. मात्र फ्रिजपुढचं स्टूल, मामाचंच काम, तिने मागून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

मामाचा श्वास लागला तेव्हा निरोप गेला. लसीकरणाचा दिवस होता. खांद्यावर पेटी घेऊन ती तशीच आली आणि खाटेच्या कडेला बसली. मामाची नजर तिच्यावरून पेटीवर गेली. तिथून हलेना.

तिने झाकण उघडलं, एक पिशवी काढली, ओली, घाम फुटलेली, आणि त्याच्या गार बोटांत दिली. त्याने ती कशीबशी कानाशी नेऊन हलवली. आत पाणी डुचमळलं. पिशवी तिला परत देत तो म्हणाला, "जा आता. पोरं खोळंबली असतील."