दोन जमना, एक हजेरी

"माऊसवरचा हात काढ. ऊठ."

सूतगिरणीच्या ऑफिसात आम्ही सहा जण. त्या सगळ्यांसमोर मॅनेजर साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं. माझा पासवर्ड बंद केला.

"होळीला गावाकडे पळतात तुमच्या बायका. आणि तू इथे बसून त्यांची हजेरी लावतेस. आम्हाला कळत नाही काय?"

मी काठी गावाकडच्या डोंगरातली. भिलाची पोर. ऑफिसात माझ्यासारखी दुसरी कुणी नाही. कुणी मान वर केली नाही.

भानगड अशी होती. गिरणीच्या गेटवर अंगठ्याचं मशीन. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं. मुख्य ऑफिसात कामगारांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वेगळं. दोघांच्या मधे कनेक्टर नावाचं तिसरं. गेटवरची हजेरी उचलायची आणि मुख्य ऑफिसला पोचवायची, एवढंच त्याचं काम. ती पोचते की नाही हे बघायचं काम माझं. काही आठवड्यांपासून पाच बायका गेटवर हजर, मुख्य ऑफिसात गैरहजर दिसत होत्या. पाचही आदिवासी. मी दोनदा लेखी कळवलं होतं. ते कुणी वाचलं नाही. उलट मीच चोर ठरले.

त्या संध्याकाळी गेटवर वॉचमन काका म्हणाले, "ताई, बॅग उघाडी दे. साहेबनं सांगेल शे." आणि हळूच, "मन्हा नाइलाज शे."

बॅग फक्त माझी. जेवणाचा डबासुद्धा उघडून बघितला. त्यात काय हजेरी लपवली होती?

पाचपैकी जमना वसावेला कामावरूनच काढलं. माझ्याच डोंगराची बाई. तिने मला गेटबाहेर धरलं. आमच्या भिलीत विचारलं, "मी रोज आले. तू आत बसतेस. तू पण त्यांच्यातलीच झालीस का?"

साहेबांच्या बोलण्याने राग आला होता. जमनाच्या बोलण्याने झोप उडाली.

पासवर्ड नव्हता. मग कागद घेतला. वॉचमन काकांच्या वहीत कोण किती वाजता आत आलं ते लिहिलेलं असतं. त्यांनी वही गुपचूप दिली. शेजारी मुख्य ऑफिसकडून छापून आलेली गैरहजर यादी ठेवली. एकेक दिवस ताडून बघत गेले. गिरणीत अजून एक जमना वसावे होती, खापर गावची. ती गिरणीजवळ खोली घेऊन राहायची, लवकर यायची. तिची हजेरी बरोबर लागायची. आमची जमना मागून यायची, तिची गायब. एकदा खापरची जमना रजेवर होती. त्याच दिवशी आमची जमना मुख्य ऑफिसात हजर!

बाकी चौघींचंही तसंच. प्रत्येकीच्या नावाची दुसरी बाई गिरणीत होतीच.

कनेक्टरवाल्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "कनेक्टर में कोई दिक्कत नहीं. किसी सीनियर को फोन दो."

मी म्हटलं, "सीनियर नहीं है. कनेक्टर आदमी को कैसे पहचानता है? नंबर से या नाम से?"

फोनवर बटणांचा आवाज. मग तो बोलला. सॉफ्टवेअरमधल्या मागच्या बदलानंतर कामगार नंबरचा रकाना रिकामा येत होता. म्हणून कनेक्टर नाव आणि जन्मतारीख बघत होता. दोन्ही जुळलं की दुसरी हजेरी डुप्लिकेट म्हणून टाकून द्यायचा.

जन्मतारीख! आमच्याकडे शाळेत गुरुजींनी सरसकट सगळ्यांची एक जून लिहिलीय. दोघी जमनांचं सालही एकच. कुणी आईला विचारलं नाही. तेव्हा गुरुजींना आम्ही सगळे सारखे होतो. आता मशीनलाही सारखेच.

सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. मग ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढला. "बरं झालं सापडलं. वर काहीतरी कळवावं लागेल. सही कर."

कागदावर होतं, माझ्या हलगर्जीपणामुळे नोंदी चुकल्या.

"मी सही करणार नाही."

"नोकरी करायची ना?"

"करायची. सही करणार नाही."

कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. माझ्या टेबलाशी येऊन स्वतःच्या मोबाइलवरून मुख्य ऑफिसला सगळं पाठवलं, पाचही नावांसकट.

कनेक्टर दुरुस्त झाला. चौघींच्या हजेऱ्या परत लागल्या. जमनाला बोलावणं धाडलं, पण ती तोवर नवऱ्याबरोबर गुजरातला मजुरीला निघून गेली होती. फोन लागत नाही. तिला अजून वाटत असेल, मी त्यांच्यातलीच.

साहेबांनी माफी मागितली नाही. पासवर्ड परत दिला, तो शिपायाच्या हाती, चिठ्ठीवर.

आता कुणी गैरहजर दिसलं की मी आधी मशीनवर संशय घेते. मग मशीन लावणाऱ्यावर. रोज सकाळी गेटची आणि मुख्य ऑफिसची, दोन्ही याद्या छापते आणि गेटच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवते. बायका आपापलं नाव शोधतात. जिला वाचता येत नाही, तिला मी वाचून दाखवते. साहेबांनी याद्या दोनदा फाडल्या. मी तिसऱ्यांदा लावल्या.

उद्याही लावणार.