काकांचा गव्हर्नर

आमच्या शेजारच्या काकांएवढा संशयी माणूस काळाचौकीत काय, अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. वर गेल्यावर हे देवाकडेही आधी ओळखपत्र मागतील, याची मला खात्री आहे. सुरमई घेताना तिचे कल्ले उघडून पाहणार, डोळे निरखणार, आणि कोळीण वैतागून म्हणाली, "घे रे दादा, ताजी हाय," की यांच्या कपाळाला आठी. एवढा आग्रह का करते ही? रस्त्यात कुणी आपणहून नमस्कार केला, तर त्याचं आपल्याकडे काय काम असेल, याचा विचार काका संध्याकाळपर्यंत करत बसत.

निवृत्तीनंतर त्यांनी माटुंग्याच्या फुटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, तेव्हाच्या कुठल्याशा राज्याच्या गव्हर्नराचं चरित्र. शेतकऱ्याचा मुलगा, इंग्रजांशी लढला, पुढे वकील झाला, लागोपाठ निवडून आला आणि लोक आणखी मागे लागलेले असताना खुर्ची सोडून गावी मका पेरायला गेला. तुम्ही-आम्ही म्हणू, भला माणूस. काका म्हणाले, "कायतरी पाणी मुरतंय." झालं! तेव्हापासून पुस्तक, भिंग आणि मोबाईल घेऊन त्यांनी त्या बिचाऱ्याचा असा पिच्छा पुरवला, की त्याच्या विरोधकांनीही पुरवला नसेल.

"चित्रात बघ, उजवा हात कोटाच्या आत. काय लपवतोय?"

"थंडी असेल हो काका."

"तू त्याचा वकील काय रे?"

यात गंमत अशी, की काका स्वतः आमच्या गणेशोत्सव मंडळाचे बरीच वर्षं अध्यक्ष होते आणि एके वर्षी असेच, कारण न सांगता बाजूला झाले. तेव्हापासून त्यांचं दार बंद असायचं. काकू गॅलरीत दिसेनाशा झाल्या. "गुडघे दुखतात तिचे," एवढंच काका सांगत. चाळीत बंद दारामागे काय चाललंय याची जो तो आपापली गोष्ट रचतो. वर्गणीतलं काहीतरी खाल्लं असणार, असं लोक कुजबुजायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा, पण खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

यंदाच्या सभेत आमचा तरुण अध्यक्ष दिग्या उठून म्हणाला, "काका, या वर्षी परत तुम्हीच व्हा. काकूंबरोबर जोडीने पूजेला बसा." आमच्या मंडळात अध्यक्षाने बायकोसह गणपतीच्या पूजेला बसायची पद्धत आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "आधी विचारा, तेव्हा का सोडलं ते."

काका उठले. आता बहुतेक चप्पल भिरकावणार, असं मला वाटलं, तर त्यांनी गव्हर्नराचं चरित्र सुरू केलं! शेती झाली, लढाई झाली, वकिली झाली. पोरं तोंडं दाबून हसायला लागली.

"लोक त्याला पण म्हणाले असतील, खाल्लं असणार म्हणून," काका सांगत होते. "मी सगळं उकरून बघितलं. काय नाय मिळालं. बायको आजारी होती त्याची. माणसं ओळखता येईनात तिला. आणि तिथे तर जोडीने बसायला लागायचं. भर मांडवात उठून ती 'हे कोण सगळे' म्हणाली असती, तर लोक हसले असते. ती फार मानी हो. म्हणून सोडलं त्याने."

अमेरिकेत मांडव कुठला, हे कुणी विचारलं नाही. पोरांचं हसू कधीच थांबलं होतं. ते पुस्तक मीही वाचलं होतं. त्या गव्हर्नराने जन्मात लग्न केलं नव्हतं.

दिग्या उठून काकांजवळ आला. मग म्हणाला, "काकू उठल्या तर आम्ही पण सगळे उठू. पूजेला तुम्हीच बसायचं."

"यात तुझा काय फायदा?" काकांनी विचारलं. दिग्याने वहीत अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव लिहून टाकलं.

पूजेला दोघं बसले. काकू नवं लुगडं नेसून अगदी शांत होत्या. मध्येच त्या मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, "तू कोणाचो रे?" लहानपणी याच बाईने मला मांडीवर घेऊन कढी-भात भरवलाय.

"तुझोच गे काकू," मी म्हटलं.

काकांनी वळून माझ्याकडे नेहमीच्या नजरेने निरखून पाहिलं. मग काही न विचारता काकूंचा हात माझ्या हातात दिला आणि ते देवाला फुलं वाहायला लागले.