डेल्मर टटलची हलकी बंदूक

डेल्मर टटलला नवी बंदूक घ्यायची होती, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आमच्या वायोमिंगच्या या खोऱ्यात असली गोष्ट लपते थोडीच! बंदुकांचं दुकान एकच, ते वेंडेलचं, आणि वेंडेलच्या तोंडात तीळ भिजत नाही.

डेल्मर गेली चाळीस वर्षं कायोट मारत आलेला. कायोट म्हणजे कोल्ह्याचा थोरला भाऊ आणि लांडग्याचा धाकटा. दोघांची लबाडी एकट्यात. कुणाचं कोकरू गेलं की पहिला फोन डेल्मरला. तो जास्त बोलत नसे. "मी येतो," एवढं म्हणून फोन ठेवायचा. लाकडी शिट्टी तोंडात धरून जखमी सशासारखा असा काही केकाटायचा, की खरा ससाच वाटावा. ते ऐकून कायोट यायचा आणि मरायचा.

बंदूक बापाची. अक्रोडाचा दस्ता, जाडजूड नळी. दीड वर्षापूर्वी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ती बंदूक भिंतीवरच राहिली. कायोट सगळे डोंगराच्या वरच्या धारेवर, आणि तिथं गाडी नेऊन उपयोग नाही. इंजिनाचा आवाज ऐकला की ते पसार. गाडी टेकडीमागे ठेवायची, दार न वाजवता लावायचं आणि वारा तोंडावर घेत पायी चढायचं, ही इथली रीत. हात वर होईना, तर ते ओझं वाहणार कोण?

गेल्या वसंतात त्याच्या स्वतःच्या मेंढ्यांची कोकरं फार गेली. तेव्हा बायको, नोरीन, स्वच्छ बोलली होती, "पुढच्या विणीतही असंच झालं, तर मेंढ्या विकायच्या. गावात माझ्या बहिणीच्या शेजारी राहायचं." डेल्मर हो म्हणाला होता. आता विणीचा हंगाम आला होता, आणि पहिल्याच आठवड्यात धारेखाली दोन कोकरांची नुसती लोकर सापडली.

दोघं दुकानात शिरली, तसा वेंडेल ओरडला, "या! म्हातारीला सोडचिठ्ठी द्यायला आलास वाटतं?"

"कुठल्या म्हातारीला, ते नीट सांग," नोरीन म्हणाली.

डेल्मर हसला नाही. "हलकी दाखव. आणि परवडणारी. चोचले नकोत."

वेंडेलनं पहिली काढली ती पिसासारखी हलकी, पण तिच्या किमतीत डेल्मरचा पिकअप आला असता. दुसरी स्वस्त, पण खांद्याला लावताना डेल्मरचा हात अर्ध्यावर अडकला आणि त्यानं ओठ चावला. मग वेंडेलनं जरा घुटमळत तिसरी ठेवली. आखूड दस्ता, काळं प्लास्टिक, बारीक नळी.

"ही... म्हणजे, पोराबाळांसाठी, बायकांसाठी काढलेली आहे. रागावू नकोस."

डेल्मर रागावलाच. पण हात तेवढ्याच बंदुकीला वर गेला. भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर त्यानं नेम धरून पाहिला. नोरीननंही ती सहज उचलली, गालाला लावली.

"बरी आहे की."

"तू कशाला बघतेस? तुला काय कोंबड्यांच्या खुराड्यात शिरणारे स्कंक मारायचेत?"

"मारलेत की आजवर. तू झोपलेला असायचास."

वेंडेल बंदूक पुसता पुसता म्हणाला, "एक सांगू? हलकी बंदूक उचलायला सोपी, धरायला कठीण. जड बंदूक आपल्या वजनानंच गप्प बसते."

"आता तू मला शिकव!" डेल्मर म्हणाला आणि बंदूक घेऊन निघाला.

घरी आल्यावर त्यानं नेमकं तेच केलं, जे आमच्याकडचे सगळे म्हातारे करतात. पोराची बंदूक पुरुषाची दिसावी म्हणून बापाच्या बंदुकीवरची मोठी दुर्बीण तिच्यावर चढवली. चामड्याचा रुंद पट्टा लावला. पुढं लोखंडी टेकू बसवला. नोरीननं ती बंदूक उचलून कोकरं तोलायच्या काट्याला टांगली.

"बघ. जवळजवळ बापाच्या बंदुकीएवढी भरली! एवढा खटाटोप कशासाठी केला मग?"

डेल्मरनं सगळं पुन्हा उतरवलं. बंदुकीबरोबर आलेली छोटी दुर्बीण तेवढी ठेवली.

पहाटे फटफटताना दोघं धारेवर बसली. एकट्यानं चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून नोरीन बरोबर. डेल्मरनं शिट्टी तोंडाला लावली. ससा रडला, थांबला, पुन्हा रडला. बऱ्याच वेळानं समोरच्या झुडपांतून एक कायोट उतरला. मोठा, निगरगट्ट. चार पावलं टाकी आणि वास घेई.

डेल्मरनं डोळा दुर्बिणीला लावला. आतली नेमाची रेघ कायोटवरून झुडपावर, झुडपावरून आभाळात जात होती. चढून आलेला श्वास, दुखरा खांदा, थरथरता हात, सगळं त्या बारीक नळीच्या टोकाला दिसत होतं. बापाच्या बंदुकीनं इतकी वर्षं हे लपवलं असावं. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

गोळी झाडता आली असती. लागलीही असती कदाचित. पण नेम चुकून निसटलेला कायोट शहाणा होतो; पुन्हा जन्मात शिट्टीला येत नाही, आणि कोकरं खातच राहतो. डेल्मरला हे ठाऊक होतं. त्यानं बंदूक हळूच नोरीनच्या मांडीवर ठेवली.

"डेल, मी?"

"गप. श्वास सोड. मी त्याला थांबवतो, मग हळू दाब."

नोरीननं बंदूक खांद्याला लावली. तिच्या खांद्याला ती बेतून शिवल्यासारखी बसली. डेल्मरनं मनगटाला ओठ लावून उंदरासारखा बारीक चीं चीं आवाज केला. कायोट जागच्या जागी उभा राहिला, मान वर करून. गोळी सुटली. कायोट तिथंच पडला.

मग नोरीन बंदूक पुढं करत म्हणाली, "घे, तुझी."

"तुझ्याजवळच राहू दे. मला शिट्टी पुरे."

त्या वर्षी मेंढ्या विकल्या नाहीत. वेंडेलनं अर्थातच सगळ्या खोऱ्यात बोभाटा केला, बायकांची बंदूक, डेल्मरची बंदूक, काय काय. आठवड्यानं पलीकडच्या कुरणावरच्या क्लाइडचा फोन आला. रात्रीत त्याची तीन कोकरं गेली होती. डेल्मर आता येतो म्हणेल की नाही, याची त्याला जरा धाकधूकच होती.

डेल्मरनं ऐकून घेतलं. चुलीपाशी उभ्या असलेल्या नोरीनकडं पाहिलं. तिनं ॲप्रन सोडला.

"आम्ही येतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.