गाडीच्या बदल्यात मी

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये आम्ही जुनी गाडी घ्यायला एकाच्या घरी गेलो होतो. विकणाऱ्या म्हाताऱ्याने सरळ किल्लीच पुढे केली. "घेऊन जा, तुमच्या मेकॅनिकला दाखवून आणा."

ओळख ना पाळख, आणि किल्ली देतो? नवऱ्याला लगेच संशय आला. "बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने नक्की खालून गंजलेली असणार," तो माझ्या कानात पुटपुटला. "मी दाखवून आणतो. तू इथेच बस, नाहीतर त्याला वाटेल, गाडी घेऊन पळालो."

म्हणजे मी तारण! मुकाट्याने त्या परक्या स्वयंपाकघरात बसले. म्हाताऱ्याने चहा पुढे ठेवला आणि सहज विचारलं, "गाडी तर तो तपासून घेतोय. तुला इथे सोडताना मला कोणी तपासलं?"